टेबलाखालची ठकी

(पडद्यावर अंधार. स्टीलचं भांडं फरशीवर घासल्याचा आवाज. मग नखांचा आवाज, पळाल्यासारखा.)

रात्रीचे दोन वाजलेत. आत्ता वाजलं ते ठकीचं, आमच्या नव्या कुत्रीचं, वाडगं. तिनं तोंड घातलं, वाडगं फरशीवर सरकलं, आणि ती परत डायनिंग टेबलाखाली. दही-भात तसाच. ही तिसरी रात्र. आम्ही सगळे आपापल्या अंथरुणात जागे, पण उठायचं कुणी नाही, असं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी आईनं एक जुना पंचा चौघडी करून वाडग्याखाली ठेवला. त्या रात्री काहीच ऐकू आलं नाही. सकाळी बघतो तर वाडगं चाटूनपुसून लख्ख.

(शेल्टर. पत्र्याची शेड, पावसाचं पाणी गळतंय. पिंजऱ्यांच्या जाळीवर पिल्लांचे पंजे.)

जूनमधला रविवार. पुण्याबाहेरचं हे शेल्टर. आम्ही खरं तर छोटं पिल्लू बघायला आलो होतो. पिल्लं होतीही, एकावर एक चढून जाळी चाटणारी. ठकी मात्र शेवटच्या पिंजऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, एक कान उभा, दुसरा अर्ध्यात मोडलेला.

तिथं काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तिच्याकडं बघू नका. पाठ करून बसा." माझा मुलगा बसला. आठवीतला मुलगा, हातात मोबाइल नाही, वीस मिनिटं ओल्या कोब्यावर गप्प. मग त्याच्या कोपराला काहीतरी गार लागलं. नाक. एक सेकंदभर. तो उठला नाही, वळला नाही, फक्त आमच्याकडे बघून ओठांनी म्हणाला, "हीच."

फॉर्म भरला. घर भाड्याचं आहे का, दिवसभर घरी कोण असतं, खिडक्यांना जाळ्या आहेत का, सगळं विचारलं. मुलीच्या स्थळाची चौकशी करावी तसं. बरं वाटलं.

(तिच्या कार्डाचा जवळून शॉट. निळ्या शाईतलं अक्षर.)

हे तिचं कार्ड. मादी. वय अंदाजे ९ महिने. बांधकामाच्या जागेवरून नसबंदीसाठी आणली. मागचा उजवा पाय मोडलेला, आता बरा. रेबीजची लस दिली. भित्री.

बस्स. तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल जगात एवढीच माहिती आहे. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती कमी पडते. आई केरसुणी हातात घेते, ठकी थरथरते, आणि पाहुणे लगेच हळहळतात, "केरसुणीनं मारलं असणार हो बिचारीला." शेजारच्या काकू कानाकडे बोट दाखवतात, "कान बघा, कुणीतरी कापलाय. माणसं किती निर्दय असतात!"

कान कापलाय हे खरं. पण तो डॉक्टरांनी, भूल देऊन, नसबंदीच्या वेळीच. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीचे २०२३ चे नियम असं सांगतात की पकडा, नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथंच परत सोडा. कानाची ती खाच म्हणजे 'हिचं झालंय, पुन्हा धरू नका' अशी खूण. ठकीलाही तसंच सोडायचं होतं. पाय बरा होईपर्यंत तिथली इमारत उभी राहिली, गेट बसलं, तिची जागाच उरली नाही.

आणि केरसुणी? आमच्या पशुवैद्य बाई हसल्या. म्हणाल्या, "मारलंही असेल, नसेलही. पण तिनं केरसुणी कधी बघितलीच नसेल, असंही असू शकतं ना?" पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या जगात सहज बसतं. त्यानंतर भेटलेली प्रत्येक नवी वस्तू आधी संशयित असते. ठकीनं सिमेंटची पोती पाहिली, मिक्सर पाहिला, म्हणजे काँक्रीटचा. चटणीचा मिक्सर, गुळगुळीत फरशी, फिरणारा पंखा, कुकरची शिट्टी, आरसा, हे सगळं तिला एका दिवसात भेटलं.

मला वाटतं, आपल्याला तिची दुःखी गोष्ट हवी असते, कारण मग आपण त्या गोष्टीत तारणहार होतो. मीही पहिल्या आठवड्यात ऑफिसात तीच गोष्ट सांगत होतो, जरा मीठ-मसाला लावून.

(टेबलाखालून घेतलेला शॉट. माणसांचे फक्त पाय दिसतात.)

म्हणून हा कॅमेरा आम्ही जमिनीवर ठेवला. तिला आपण असे दिसतो. वाकून डोक्यावर थोपटायला येणारा हात इथून बघा. मोठाच वाटतो.

त्या महिन्यात आम्ही केलेलं काम म्हणजे न करणं. हाक मारायची नाही. उचलायचं नाही. नजरेला नजर नाही. तिनं जांभई दिली, ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, की मागे व्हायचं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई म्हणजे 'पुरे' असतं, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी जवळ गेलो की तिला तिथंच लघवी व्हायची. ओरडायचं नाही, पुसून घ्यायचं. पहिल्या दहा दिवसांत घरातली सगळी जुनी धोतरं कामी आली.

नाव आईनं ठेवलं. "हलत नाही, बोलत नाही, लाकडाची ठकी नुसती." नाव चिकटलं. आई दुपारी खाली बसून मेथी निवडते. कुत्र्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं, आणि ठकीला बहुतेक तेच सोयीचं वाटलं. अकराव्या दिवशी टेबलाखालून एक पंजा बाहेर आला. सतराव्या दिवशी मेथीच्या काड्यांशेजारी पूर्ण कुत्री. आईनं वर न बघता एक काडी पुढे सरकवली. ठकीनं हुंगून ती नाकारली.

(सोसायटीचं गेट. पाऊस. ट्रकचा हॉर्न.)

एक चूक सांगायलाच हवी. विसाव्या दिवशी मी तिला फक्त गळ्यातल्या पट्ट्यावर खाली नेलं. ट्रकनं हॉर्न दिला. घाबरलेलं कुत्रं पुढे पळत नाही, आधी मागे सरकतं, आणि मान खाली घालून पट्ट्यातून डोकं काढतं. माझ्या हातात रिकामा पट्टा. नशीब, गेट बंद होतं. चाळीस मिनिटं ती स्कूटरांच्या मागे, आणि मी चार हातांवर तिच्याकडे पाठ करून. तेव्हापासून छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा, दोन्ही, दोन दोऱ्यांनी.

(नदीकाठ. ढोल-ताशांचा सराव, दुरून.)

मग पुण्यातला पावसाळा, म्हणजे नदीकाठी ढोलाचा सराव. संध्याकाळ झाली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आम्ही मोबाइलवर ढोल अगदी बारीक आवाजात लावायचो आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे द्यायचो, रोज एक रेघ आवाज वाढवत. विसर्जनाची मिरवणूक इथं चोवीस तासांहून जास्त चालते. ते सगळे तास ठकी न्हाणीघरात होती, आणि आम्ही पाळीपाळीनं पाटावर, तिच्या शेजारी. दिवाळीत डॉक्टरांनी गोळी दिली. ती देताना मला उगाच हरल्यासारखं वाटलं. ठकी मात्र झोपली.

(लिफ्टचं दार उघडतं. रिकामी लिफ्ट. दार मिटतं.)

आता सातवा महिना. केरसुणीशेजारी झोपते. कुकरला फक्त एक कान हलवते. मुलगा शाळेतून आला की मागचं सगळं अंग हलतं, शेपूट त्यात कुठंतरी असते.

सोसायटीच्या सभेत एकांनी विषय काढला की कुत्र्यांना लिफ्टमधून नेऊ नये. मी तयारीनं गेलो होतो. जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून नेलं होतं, पाळीव प्राण्यांना लिफ्टची बंदी घालता येत नाही, असं सांगणारं. वाचून दाखवलं. सभा गप्प. विषय मिटला.

आता हे ठकीला कोण सांगणार? लिफ्टचं दार उघडलं की ती चारही पाय रोवून बसते. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर.

(जिना. नखांचा टकटक आवाज, त्यामागे चपलांचा. मध्येच थांबतात. पुन्हा सुरू.)

दिवसातून तीनदा.