नियम होता, मग ठेवी का अडकल्या?

नमस्कार, श्रोतेहो. २४ सप्टेंबर २०१९ची सकाळ मुंबईतल्या पुष्कळांना आठवत असेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या, शाखांसमोर रांगा लागल्या होत्या. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला होता. कुणाची मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी, कुठल्या सोसायटीचा दुरुस्ती निधी, सगळं अडकलं.

असं झालं की कडक नियमांची मागणी होते. पण नियम होताच! नागरी सहकारी बँकेने एका उद्योगसमूहाला आपल्या भांडवली निधीच्या, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून बँकेच्या स्वतःच्या पैशाच्या, ४० टक्क्यांहून जास्त कर्ज द्यायचं नाही, असं बंधन तेव्हाही होतं. पीएमसीने मात्र एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिली होती. ते झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. मला वाटतं, त्यातल्या दहा-वीस कर्जदारांचे पत्ते कुणी शोधत गेलं असतं, तरी बिंग फुटलं असतं.

शोधायचं कुणी? सहकारी बँकेचं बँकिंग रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत, बाकी कारभार सरकारच्या सहकार निबंधकांच्या. दोन घरचा पाहुणा उपाशी! लेखापरीक्षक आणि मुख्य अधिकारी नेमताना रिझर्व्ह बँकेची संमती हवी, ही तरतूद २०२०च्या कायद्याने आली. बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे देणाऱ्या ठेवविम्याची मर्यादा १९९३पासून एक लाखावरच अडली होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे, हे ठरायला २०२१ उजाडलं. मुळात १९६२ साली ठेवविमा आला, तोही अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर. दर वेळी आधी ठेवीदाराने पोळून घ्यायचं, मग सरकारने जागं व्हायचं, याचा मला संताप येतो.

जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने, मोठ्या रकमा तर दहा वर्षांनी परत मिळायच्या आहेत. सत्तरीतल्या निवृत्त माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की थांबा?

आणि गावोगावच्या पतसंस्थांतल्या ठेवींना तर हा पाच लाखांचा विमाही लागू नाही. त्यांनाही असंच संरक्षण द्या, ही मागणी जुनी आहे. एखादी मोठी पतसंस्था बुडायची वाट न बघता सरकारने ती मान्य करावी.