ओला आणि सुका

(इंदुरातल्या एका मराठी मंडळात झालेल्या भाषणाचं शब्दांकन, थोडं आटोपशीर करून.)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरची अंडी परवडतात का?’ तो हिशोब मांडणार आहे, शेवटी. आधी दुसरंच एक बोलू द्या, कारण ते सोडून केलेला हिशोब वहीत राहतो, अंडी टोपलीत येत नाहीत.

आपलं गाव 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवतंय. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की चौथीतलं पोरसुद्धा सांगतं, ओला इकडे, सुका तिकडे. आणि त्याच घराच्या मागच्या अंगणात सहा कोंबड्यांचं खुराडं असतं, तिथे ओला न् सुका सुखाने एकत्र नांदतात! वास, माश्या, रक्ती हगवण, छातीतली घुरघुर, माखलेली अंडी. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बहुतेकींचं मूळ एकच, ओल.

ही ओल येते कुठून? सगळे पावसाकडे बोट दाखवतात. बिचारा पाऊस चार महिने येतो, कोंबडी बारा महिने असते. एक कोंबडी दिवसाला 100 ग्रॅमच्या वर शीट टाकते आणि त्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. सहा कोंबड्या म्हणजे रोज जवळपास अर्धा लिटर पाणी खुराड्यात ओतलं जातंय, तेही नळ न सोडता. यातली बरीचशी शीट रात्री कोंबड्या ज्या दांडीवर झोपतात तिच्याखाली पडते, म्हणून दांडीखाली पत्र्याचा एक ट्रे सरकवा. सकाळी ट्रे ओढायचा, खताच्या खड्ड्यात झटकायचा, परत आत. दोन मिनिटांचं काम आहे. ते खत ताजं ताजं गुलाबाला घालू नका, मुळं जळतील. दोन-तीन महिने कुजू द्या.

दुसरी ओल पाण्याच्या भांड्याची. भांडं जमिनीवर असलं की कोंबडी उकरून त्यात तूस भरते, वर त्यात पाय देऊन उभी राहते. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आली पाहिजे. खाली दोन विटा लावा, पिल्लं वाढतील तशी तिसरी.

आणि तिसरी ओल आपल्या स्वयंपाकघरातून येते. रविवारी पोहे उरले, टाक कोंबड्यांना. नुसत्या पोह्यांनी काही होत नाही. पण इंदूरमध्ये नुसते पोहे कोण खातं? वर शेव पडते, जिरावनाचा खारट मसाला पडतो. ते मीठ पोटात गेलं की कोंबडी पाणी जास्त पिते, शीट पातळ होते, खाली अंथरलेली तुसाची गादी भिजते. मग लोक हगवणीचं औषध आणायला धावतात. औषध शेवेला द्या! उरलंसुरलं जे काही घालाल ते एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि बुरशी आलेलं काहीही नको.

आता माझ्या आवडीच्या रागाकडे येतो, म्हणजे निळ्या प्लास्टिककडे. डिसेंबर उजाडला की लोकांना कोंबड्यांची माया येते आणि ते खुराडं चारी बाजूंनी ताडपत्रीने घट्ट बांधतात. अहो, ती पिसांची रजई अंगावर घेऊनच जन्मली आहे. आपल्याकडची 8-10 अंशांची रात्र मोठी कोंबडी कोरडी असली तर आरामात काढते. तिला मारते ती कोंदट हवा. कोंबड्यांचा श्वास आणि शिटेची वाफ प्लास्टिकला आतून दव होऊन चिकटते आणि परत गादीवर ठिबकते. ओल्या गादीत जिवाणू शिटेतलं युरिक ॲसिड फोडतात, त्याचा अमोनिया होतो. तो डोळे चुरचुरवतो, श्वासनळीचं आतलं अस्तर खराब करतो आणि मग घुरघुर सुरू होते. पहाटे खुराडं उघडल्यावर उभ्याने वास घेऊ नका. वाका, नाक कोंबडीच्या उंचीला न्या. तिथे झोंबलं तर तिला रात्रभर झोंबलंय. आडोसा हवाच, पण तो दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापर्यंत. त्याच्या वर, छपराखाली, एक फूट जागा जाळी लावून उघडी ठेवा. म्हणजे वारं डोक्यावरून जातं, अंगावर येत नाही.

पावसाळ्याचं सांगतो. माळव्याची काळी माती एकदा भिजली की आठवडाभर सुटत नाही. त्यामुळे खुराड्याची जमीन फूटभर मुरूम टाकून उचलून घ्या आणि छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा. गादी तुसाची, दोन-तीन इंच. ती रोज हातभर दाताळ्याने हलवायची. परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी दाबा. मूठ उघडल्यावर मोकळी झाली तर ठीक, लाडू वळला तर ओली. लाडू वळलेला भाग उचलून फेका, नवं तूस घाला. लोक वरून चुना मारतात. मारा, पण चुना पडला की गादीत अडकलेला अमोनिया एकदम सुटतो. कोंबड्या बाहेर असताना मारायचा, चाळवायचा, तासाभराने त्यांना आत घ्यायचं.

एवढा आटापिटा का, तर रक्ती हगवणीसाठी. तिच्या जंतूंची अंडी शिटेतून पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग पिल्लाच्या पोटात जाऊन आतडं फाडतात. फिनाईलने ती मरत नाहीत. फिनाईल ओतणं म्हणजे उलट आणखी ओल करणं. कोरड्या गादीत मात्र ती पिकतच नाहीत. तीन ते आठ आठवड्यांचं पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात बसलं आणि शिटेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. ॲम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, कारण आजारी पिल्लू खात नसलं तरी पिऊ शकतं.

जाळीचं विचारलंय कोणीतरी. बाजारात षटकोनी भोकांची मुर्गा-जाळी मिळते. तिच्या नावातच तिची मर्यादा आहे. ती मुर्ग्याला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि तळाशी फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून मातीत दाबा. मुंगूस आणि घूस भिंतीला चिकटून उकरतात. खाली जाळी लागली की फूटभर मागे सरकून उकरायची अक्कल त्यांना सहसा सुचत नाही. सूर्यास्तानंतर खाद्याचं भांडं आत राहता कामा नये, उंदरांना ते आमंत्रणच. दिवसाही खाद्य उघड्यावर पसरू नका. 2021 च्या जानेवारीत आपल्या इंदुरातच मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, आणि कावळा जेवायला कुठे उतरतो हे सांगायला नको.

दांडी बांबूची असेल तर तिची टोकं बुजवा. त्या पोकळीत दिवसभर लाल किडे लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या अंगाला बघा, दिवसा काही दिसणार नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मे महिना एका दमात. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून थंड होते. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, कारण पचनानेही अंग तापतं. दुपारी खुराड्याच्या बाहेरून ओलं बारदान टांगा. आपलं ऊन कोरडं असतं, म्हणून हा उपाय लागू पडतो. पाणी बारदानावर मारायचं, गादीवर नाही. पिण्याचं पाणी सावलीत ठेवा, एरवीच्या दुप्पट लागेल.

आता तो हिशोब. ग्रामप्रिया जातीच्या सहा कोंबड्या रोज साधारण 650 ग्रॅम खातात, वर्षाला 237 किलो. नीट ठेवल्या तर वर्षाला 1150 च्या आसपास अंडी, म्हणजे अंड्यामागे 200 ग्रॅमच्या जरा वर खाद्य. झाबुआचा कडकनाथ, ज्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो वर्षाला 90 अंड्यांच्या आसपास देतो, म्हणजे अंड्यामागे साडेतीनशे ग्रॅमच्या वर. दुकानातला किलोचा भाव त्याला गुणा, उत्तर ज्याचं त्याने बघा. कडकनाथ अंड्यांसाठी पाळणाऱ्याने शेजाऱ्याला भाव सांगू नये. खाद्याचं मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून 50 किलोचं आणाल तर ते अडीच महिने पुरतं, आणि पावसाळ्यात तोवर त्यात बुरशी धरते. लहान पोतं घ्या.

थंडीत अंडी थांबतात, कारण डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा असतो आणि कोंबडीला 14 तास उजेड लागतो. बल्ब पहाटे लावा. रात्री लावून एकदम बंद केला तर अंधारात तिला दांडी सापडत नाही. खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसून राहणारी, कोंबडी उबवणीला बसवायची नसेल तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पोटाला वारा लागला की उठते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तेव्हा शेजाऱ्यांची पहाट वाचवा.

शेवटचं, लस. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. बाटली येते शेकडो मात्रांची, घरात पिल्लं सहा. एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात. पुढची मात्रा पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीनने लस मरते. विहिरीचं घ्या, नाहीतर उकळून गार केलेलं. एकाच गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर बाटली वाया जात नाही. दारात वही ठेवली आहे. चहा घ्यायच्या आधी तीत गल्ली, पिल्लांची संख्या आणि आणायची तारीख लिहा.