कास पठार: एक फूल, दोन अपर्चर

हे बघा, ही सीतेची आसवं. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर कास पठार, तिथे सप्टेंबरात यांचे जांभळे गालिचे पसरलेले असतात, पण एकेक फूल म्हणाल तर जेमतेम नखाएवढं. हा फोटो एफ २.८ वरचा. पाकळीची कड एकदम धारदार आणि मागचं सगळं विरघळून गेलंय. आता हा दुसरा, तेच फूल, एफ ११. मागे कातळावर साचलेलं पाणी दिसतं, गेंद नावाच्या रानफुलाची पांढरी बोंडं दिसतात, म्हणजे फूल नक्की कुठे उगवलंय ते कळतं.

अपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत यायचं भोक, पातळ पात्यांनी लहानमोठं होणारं. त्याचा आकडा, म्हणजे हे एफ २.८ किंवा एफ ११, उलटा चालतो, आकडा मोठा तर भोक लहान, कारण तो भागाकारातून येतो, लेन्सवरचे एमएम भागिले भोकाची रुंदी. ५० एमएमची लेन्स एफ २ ला असेल तर भोक २५ मिलिमीटर आणि एफ १६ ला फक्त ३ च्या आसपास. भोक लहान, तेवढं फोकसच्या पुढचं-मागचं जास्त स्पष्ट. त्यात फुलाच्या इतकं जवळ गेलं की एफ २.८ ला पाकळी शार्प येते आणि त्याच फुलाचं मागचं टोकसुद्धा ब्लर होतं!

मग सरळ एफ २२ लावून टाकू? नको. एक तर इतक्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो, आणि दुसरं म्हणजे वारा, पठारावर वारा थांबतच नाही हो. २.८ वरून नुसतं ८ वर आलात तरी प्रकाश आठपट कमी, १/१००० सेकंदाचा शटर १/१२५ सेकंदावर येतो आणि तेवढ्यात फूल डुललेलं असतं. अशा वेळी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, २०० वरून १६०० करा, थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

आजकाल ब्लर बॅकग्राउंड म्हणजेच भारी फोटो असं झालंय, मला ते पटत नाही. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफर मंडळींनी आपल्या ग्रुपचं नावच एफ ६४ ठेवलं होतं, त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांवरचं ते अगदी बारीक अपर्चर, जवळच्या दगडापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख. कासच्या फुलालाही त्याचा कातळ, त्याचं पाणी हवंच.

तेव्हा गेलात की पायवाटेवरच बसा, फुलं तुडवू नका, एफ ८ ने सुरुवात करा आणि वारा जरा पडला की ११ वर जा.