पोटभाडेकरू

(निवेदकासाठी: कमांड पडद्यावर टाइप होत असतानाच वाचायची आहे. पहिल्या भागात घाई करू नये. भिंतीवरच्या कागदाच्या दृश्यात बोलणं कमी, चित्र जास्त.)

[दृश्य: काळा टर्मिनल, लुकलुकता कर्सर. कीबोर्डवर हात.]

हे मशीन चाचणीसाठी उभं केलं आहे. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि डेस्कटॉप वगैरे काही नाही. दुसऱ्या गावाहून या मशीनवर शिरायचं तर दार एकच, एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायची पद्धत. त्या दारावर बसलेला प्रोग्राम म्हणजे एसएसएचडी.

आता हे दुसरं नाव बघा: लिबएलझेडएमए-५. फायली दाबून लहान करणारी ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, एक्सझेड नावाच्या प्रकल्पातून येते. राखणदाराचा आणि गाठोडी बांधणाऱ्याचा संबंध काय? बादरायण म्हणावा इतका लांबचा. पण संबंध आहे, आणि सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरला विचारत गेलं तर दोन पायऱ्यांत हाती लागतो.

[दृश्य: 'स्टेटस' फाइल उघडलेली. एक परिच्छेद मोठा होत जातो.]

या सगळ्याची खातेवही म्हणजे ही एक साधी मजकुराची फाइल: व्हार, लिब, डीपीकेजी, स्टेटस. मशीनवरच्या प्रत्येक पॅकेजचा यात एक परिच्छेद असतो. 'डिपेंड्स' म्हणजे याच्याशिवाय चालणार नाही. 'प्री-डिपेंड्स' त्याहून कडक: ते आधी पूर्ण बसलेलं हवं, मगच मला हात लावा. 'रेकमेंड्स' म्हणजे असलेलं बरं. मात्र एप्ट, म्हणजे डेबियनचा पॅकेज मॅनेजर, मूळ सेटिंगमध्ये 'असलेलं बरं'सुद्धा आणून बसवतो. छोट्याशा पॅकेजसोबत वऱ्हाड येतं ते बहुतेक वेळा इथून. 'सजेस्ट्स' मात्र सांगितल्याशिवाय येत नाही.

[दृश्य: कमांड टाइप होते. उत्तराच्या ओळी एकेक करून उजळतात.]

पहिली कमांड: एप्ट-कॅश डिपेंड्स ओपनएसएसएच-सर्व्हर. एसएसएचडी याच पॅकेजमधून येतो.

उत्तर वाचताना दोन खुणा लक्षात ठेवा. ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ असेल तर तिथे पर्याय आहे, हे नाही तर पुढच्या ओळीतलं चालेल. कोनी कंसातलं नाव, जसं इथे डेबकॉन्फ-२.०, हे खरं पॅकेज नसतं. ते पदाचं नाव. ते पद कोण सांभाळू शकतं, त्यांची नावं खाली आत सरकवून दिलेली असतात. या खुणा माहीत नसल्या की माणूस कंसातलं नाव शोधत बसतो आणि ते कुठेच सापडत नाही.

यादी लांब आहे. ओपनएसएसएल, पॅम, झेडलिब, कर्बरॉस. लिबएलझेडएमए या यादीत नाही. पण ही ओळ बघा: लिबसिस्टमडी-०. मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या-सांभाळणाऱ्या सिस्टमडीची ही लायब्ररी.

[दृश्य: दुसरी कमांड. एका ओळीवर कॅमेरा थांबतो.]

म्हणून दुसरा प्रश्न: एप्ट-कॅश डिपेंड्स लिबसिस्टमडी-०. आणि हा सापडला. प्री-डिपेंड्स, लिबएलझेडएमए-५. ओपनएसएसएचने त्याला जागा दिलेली नाही. जागा दिली लिबसिस्टमडीला, आणि त्याने आपल्या खोलीत हा पोटभाडेकरू ठेवला.

एप्ट-कॅश शो चालवलं तर त्याच नावापुढे आवृत्तीची अट दिसते: ५.१.१ अल्फा अधिक २०१२०६१४, किंवा त्यापुढची. इतका विचित्र आकडा कुणी हाताने लिहीत नाही. पॅकेज बांधताना डीपीकेजी-शलिबडेप्स नावाचा प्रोग्राम तयार झालेली बायनरी, म्हणजे यंत्राला कळणारी फाइल, उघडतो, तिने कोणत्या लायब्ररीतली कोणती फंक्शनं मागितली ते बघतो, आणि ती कोणत्या आवृत्तीपासून मिळतात हे सिंबल्सच्या, म्हणजे फंक्शनांच्या नावांच्या, यादीतून काढून अट लिहितो. म्हणजे ही साखळी बरीचशी यंत्राने लिहिलेली आहे. कोण कुणावर टेकला आहे ते ती अचूक सांगते. कशासाठी टेकला आहे, ते तिला ठाऊक नाही.

[दृश्य: पडदा दुभागलेला. डावीकडे एलडीडी, उजवीकडे रीडएल्फ.]

पॅकेज मॅनेजरचं म्हणणं बायनरीशी ताडून बघता येतं. डावीकडे एलडीडी, उजवीकडे रीडएल्फ आडवी रेघ डी, दोन्ही त्याच एसएसएचडीवर. एलडीडीच्या यादीत लिबएलझेडएमए आहे. रीडएल्फच्या 'नीडेड' ओळींत नाही, तिथे लिबसिस्टमडीपाशीच गोष्ट थांबते. दोघंही खरंच बोलतात. रीडएल्फ फक्त थेट मागणी दाखवतो. एलडीडी मात्र प्रोग्राम सुरू होताना मेमरीत येणारा सगळा गोतावळा दाखवतो. फक्त एक पथ्य पाळा: अनोळखी बायनरीवर एलडीडी चालवू नका, काही परिस्थितीत ती बायनरीच चालू होऊ शकते. तिथे रीडएल्फ बरा.

[दृश्य: उलटी यादी भराभर वर सरकते.]

आता उलट बाजूने. एप्ट-कॅश आरडिपेंड्स लिबएलझेडएमए-५. ही यादी बघून घाबरायचं कारण नाही. यात आपल्या मशीनवर नसलेली पॅकेजेसही आहेत. रेकमेंड्स, सजेस्ट्स आहेत, आणि 'याच्याशी माझं जमत नाही' म्हणणारी कॉन्फ्लिक्ट्स नि ब्रेक्सवालीसुद्धा. सगळी एकाच पंगतीत, आणि नातं काय ते लिहिलेलं नाही. 'इन्स्टॉल्ड' आणि 'इम्पॉर्टंट' हे दोन पर्याय जोडले की खरोखर टेकलेली तेवढी उरतात. ही गाळणी न लावता काढलेले आकडे लोक सर्रास एकमेकांना दाखवत असतात.

ॲप्टिट्यूड व्हाय हीसुद्धा सोय आहे: हे पॅकेज का आलं, असं सरळ विचारता येतं. पण ते एकच साखळी दाखवतं. लिबएलझेडएमएचं विचारलं तर बऱ्याचदा पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीचं नाव पुढे येतं, कारण पॅकेजच्या डेब फायली उलगडायला डीपीकेजीलाही हीच लायब्ररी लागते. उत्तर चूक नाही, पण आपला प्रश्न दाराचा होता.

[दृश्य: एप्ट-गेट आडवी रेघ एस रिमूव्ह लिबएलझेडएमए-५. काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची लांबलचक यादी, शेवटी इशारा.]

मग काढूनच टाकला तर? ही फक्त रंगीत तालीम आहे, 'एस' म्हणजे सिम्युलेट. यादीत डीपीकेजी आहे आणि त्यासोबत बरंच काही. अत्यावश्यक पॅकेजेस जातील असा इशाराही आहे. 'एस' विसरू नका.

[दृश्य: प्रिंटरमधून कागद बाहेर येतात. चार जोडून भिंतीवर चिकटवले जातात. लाल पेन्सिल एका रेघेवरून फिरते. काही सेकंद शांतता.]

हे चित्र डेबट्री या साधनाने काढलं. त्याचं उत्तर ग्राफव्हिझच्या डॉट या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामकडे दिलं की चित्राची एसव्हीजी फाइल मिळते. डेबट्री काही नेहमीची पॅकेजेस मुद्दाम गाळतो, नाहीतर भिंत पुरणार नाही. माग काढायचा असेल तेव्हा मात्र 'नो-स्किप' लावून पुन्हा काढा. हवी असलेली रेघ नेमकी गाळलेल्यांत असू शकते.

[दृश्य: पेन्सिल एसएसएचडी आणि लिबसिस्टमडी यांमधल्या रेघेवर थांबते.]

ही रेघ ओपनएसएसएचच्या मूळ लेखकांनी काढलेली नव्हती. डेबियनसह लिनक्सच्या काही वितरणांनी स्वतःचा पॅच, म्हणजे मूळ कोडमधला बदल, लावला होता. काम एवढंच: सेवा सुरू झाली की सिस्टमडीला 'रेडी=१' असा निरोप पाठवायचा. रोमन लिपीत मोजून सात चिन्हं, एका सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामांमधल्या निरोपाच्या वाटेवर. थोड्या ओळींत हाताने लिहिता आलं असतं. त्याऐवजी अख्खी लायब्ररी जोडली गेली. त्या लायब्ररीला जर्नलच्या, म्हणजे सिस्टमडीच्या रोजनिशीच्या, नोंदी वाचायच्या असतात, त्या दाबलेल्या असू शकतात, म्हणून तिला लिबएलझेडएमए. प्रत्येक पायरीवर कारण रास्त. पण सबंध साखळी भिंतीवर लावून बघायची सवय आपल्याला नाही, आणि ही सवय लागायला हवी. निदान इथे साखळी उघडी आहे. बंद पेटीत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला हे प्रश्न कुणाला विचारायचे?

[दृश्य: दोन आकडे पडद्यावर: ०.२९९ आणि ०.८०७.]

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत याच वाटेने चोरदार घुसवलं गेलं होतं. एसएसएचवर शिरायला ०.२९९ सेकंदांऐवजी ०.८०७ सेकंद का लागतात, याचा पाठपुरावा करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने ते २९ मार्चला उघड केलं. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली, चाचणीच्या शाखांत ते पोचलं होतं.

[दृश्य: पुन्हा भिंत. खोडरबराने एक रेघ पुसली जाते.]

डेबियनने पुढच्या आवृत्तीसाठी आपला पॅच बदलला, निरोप आता लायब्ररीशिवाय जातो. १ जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये हे काम मूळ प्रकल्पानेच अंगावर घेतलं. सिस्टमडीनेही २५६ व्या आवृत्तीपासून लिबएलझेडएमएला कायमची खोली ठेवली नाही. गरज पडली तरच 'डीएलओपन'ने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना लायब्ररी आणणाऱ्या फंक्शनने, बोलावणं जातं.

इथे माग काढणाऱ्याची नवी पंचाईत होते. डीएलओपनने येणारी लायब्ररी 'नीडेड'मध्ये दिसत नाही, एलडीडीत दिसत नाही, आणि शलिबडेप्सला ती आपोआप कळतही नाही. म्हणून सिस्टमडीने त्याच आवृत्तीत बायनरीमध्ये एक टीप ठेवायला सुरुवात केली. तिचं नाव डॉट नोट डॉट डीएलओपन. कुणाला बोलावणं जाऊ शकतं, ते तिथे लिहिलेलं असतं. ज्या प्रकल्पांनी ही टीप ठेवलेली नाही, त्यांच्यासाठी सोर्समध्ये डीएलओपन शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

[दृश्य: पेन्सिल लिबसिस्टमडीपासून लिबएलझेडएमएपर्यंत हाताने तुटक रेघ काढते. कॅमेरा मागे सरकतो. पडदा काळा.]