गुलाबी रंग उमटलाच नाही

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तपेढी आपल्याला माहीत आहे, नेत्रपेढीही माहीत आहे. आज बोलायचंय मेंदूपेढीबद्दल. माणूस गेल्यावर त्याचा मेंदू जपून ठेवायचा आणि आजारांचा शोध घेणाऱ्यांना त्यातले छोटे छोटे तुकडे द्यायचे, हे या पेढीचं काम. इथला मेंदू दुसऱ्या कुणाच्या डोक्यात बसवत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदूच्या आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत, १९९५ पासून अशी पेढी आहे. तिथे मेंदूंचं संग्रहालयसुद्धा आहे. सहली न्यायच्या तर अशा ठिकाणी न्याव्यात. वॉटर पार्क काय, कुठेही मिळतं.

पण पेढीचं काम सांगण्याआधी तुम्हाला व्हिएन्नाला नेतो. हा किस्सा सांगायची संधी मी सोडत नाही.

१९५९ साल. ओलेह होर्निकिएविच नावाचे तिशीतले संशोधक. त्यांनी स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांचा सशांवरचा प्रयोग वाचला होता. कार्लसन यांनी सशांना रेसरपीन टोचलं, तर ससे मलूल होऊन जागच्या जागी बसले. मग एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात तेच ससे हिंडायला लागले. हे रेसरपीन कुठलं? आपल्या सर्पगंधेच्या मुळांतलं! सर्पगंधा रक्तदाबावर चालते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. आज मुंबईत कुणाला विचारा, वकील कुठे भेटतील म्हणून. हायकोर्टाकडे बोट दाखवतील. असो. मी भरकटलो.

तर ते मलूल ससे कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रोग्यासारखे दिसत होते. पण ससा तो ससाच. माणसाच्या मेंदूत काय घडतं, ते माणसाच्याच मेंदूत बघायला हवं. म्हणून होर्निकिएविच आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट एरिंगर यांनी शवविच्छेदनातून मेंदू मिळवायला सुरुवात केली. कंपवाताच्या रुग्णांचे सहा मेंदू मिळाले. हालचालींच्या इतर आजारांचे काही मिळाले. आणि ज्यांना असा कुठलाही आजार नव्हता, अशा माणसांचे सतरा. हा सतराचा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मेंदूच्या आत, खोलवर, स्ट्रायटम नावाचा भाग असतो. तिथल्या ऊतीचा अर्क परीक्षानळीत घ्यायचा आणि त्यावर आयोडीनची प्रक्रिया करायची. डोपामीन, म्हणजे मेंदूत हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, असेल तर गुलाबी रंग येतो. निरोगी माणसांच्या नळ्या गुलाबी झाल्या. कंपवाताच्या रुग्णांच्या नळ्यांत मात्र रंग जवळजवळ उमटलाच नाही. यंत्रावर आकडे काढायच्या आधीच उत्तर नुसत्या डोळ्यांनी दिसलं. त्या मेंदूंत डोपामीन जवळजवळ उरलंच नव्हतं. श्रोतेहो, जिवंत माणसाचं डोकं उघडून हे कुणाला बघता आलं असतं?

१९६० साली दोघांचा निबंध छापून आला. आता प्रश्न असा, की जे कमी पडलंय ते भरून काढता येईल का? डोपामीन रक्तात टोचून उपयोग नाही, ते मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामीन होतं. होर्निकिएविच यांच्याकडे रुग्ण नव्हते. रुग्ण होते वाल्थर बिर्कमायर यांच्याकडे, आणि त्यांचं मन वळवण्यात कित्येक महिने गेले. मोठ्या माणसांचे रुसवे औषधाला किती उशीर लावतात, यावर कुणीतरी वेगळं भाषण द्यायला हवं. अखेर १९६१च्या जुलैत पहिली इंजेक्शनं दिली गेली. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. बसलेली उभी राहिली. उभ्या उभ्या खिळून राहणारी चालू लागली. परिणाम काही तासांचाच होता, पण होता. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला कंपवात असेल, तर त्यांच्या गोळ्यांच्या डबीत बहुधा लेवोडोपा असेल. ते हेच.

आणि गंमत बघा, हेच एल-डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत असतं. हो, तीच, जिची कुसं शाळेत मित्राच्या कॉलरमध्ये टाकायचो ती! १९३७ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. पण म्हणून मोबाइलवर आलेला निरोप वाचून बियांची पूड खायला लागू नका. किती खायचं हे निरोप पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं.

२००० सालचं नोबेल कार्लसन यांना आणि आणखी दोघांना मिळालं. होर्निकिएविच वगळले गेले. दोनशेहून जास्त मेंदूतज्ज्ञांनी निषेधाचं पत्र लिहिलं. माझीही सही त्यावर धरा.

आता ते सतरा. नळीत रंग नाही, याला अर्थ केव्हा आला? दुसऱ्या नळीत रंग होता म्हणून. आजारी मेंदू हवा, तसा निरोगी मेंदूही हवा. पुन्हा सांगतो, निरोगी मेंदूही हवा. आपल्याला वाटतं, मला कुठे काय झालंय, माझा मेंदू कशाला घेतील? त्यासाठीच तर घेतील.

दुसरी गोष्ट निदानाची. लंडनच्या मेंदूपेढीत, हयातीत कंपवात ठरवलेल्या शंभर जणांचे मेंदू तपासले गेले. १९९२ साली निष्कर्ष आला: खरा कंपवात शहात्तर जणांनाच होता. उरलेल्या चोवीस जणांचा आजार वेगळाच निघाला. असं पडताळून बघितलं म्हणून पुढे निदानाच्या खुणा नीट बसवता आल्या.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा पटकन सांगतो. साधारणपणे मेंदूचा अर्धा भाग फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि अर्धा उणे ऐंशी अंशांवर गोठवतात. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शन घेता येतं. देहदानासारखं इथे नाही, मेंदू काढून घेतल्यावर पार्थिव घरच्यांना परत मिळतं आणि पुढचे विधी करता येतात. मात्र हे सगळं काही तासांत व्हावं लागतं. जितकी घाई, तितकी ऊती चांगली. तेव्हा संमतीचा अर्ज भरलात, तर तो कपाटात कुलूप लावून ठेवू नका. मुलांना, सुनेला, जावयाला दाखवून ठेवा. त्या दिवशी पेढीला फोन त्यांनाच करायचाय.

नमस्कार.