शपथ एकच, मापं दोन

महाभियोगाचा खटला सुरू होण्याआधी अमेरिकेच्या सिनेटमधले सदस्य एक वेगळी शपथ घेतात. निवडून आल्यावर घेतात ती नव्हे. ही फक्त त्या खटल्यापुरती असते. राज्यघटना आणि कायद्याला धरून निःपक्षपाती न्याय करीन, असं म्हणायचं आणि पुढे येऊन वहीत सही करायची. जानेवारी १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांच्या खटल्यासाठी अशा सह्या झाल्या, जानेवारी २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या. काही नावं दोन्ही वेळा तीच होती.

आता लिंडसे ग्रॅहम यांच्याकडे बघा. १९९९ मध्ये हे रिपब्लिकन नेते आरोप ठेवणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या वतीने क्लिंटन यांच्याविरुद्ध बाजू मांडत होते. राष्ट्राध्यक्षाला हटवायला गुन्हा सिद्ध झालेला असावाच लागतो असं नाही, महाभियोग हा पदाच्या शुद्धीसाठी असतो, असं त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये ते स्वतः सिनेटर होते, आणि आरोपी त्यांच्याच पक्षाचा. शपथ घेण्याच्या महिनाभर आधीच त्यांनी जाहीर सांगितलं की, मी निष्पक्ष असल्याचा आव आणत नाही. आणि मग सहीही केली.

दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट जेरी नॅडलर. एका पक्षाने रेटलेला आणि दुसऱ्याने विरोध केलेला महाभियोग कधीही होता कामा नये, हे १९९८ मध्ये त्यांनी ठासून सांगितलं होतं. २०१९ मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ट्रम्प यांच्यावरचे आरोप मंजूर करून घेतले, तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्याचं मत त्या बाजूला नव्हतं.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दोन्ही प्रकरणं सारखी होती असं कुणी म्हणणार नाही. एकात खाजगी संबंधांबद्दलची खोटी साक्ष होती, दुसऱ्यात युक्रेनची लष्करी मदत रोखून धरल्याचा आरोप. प्रकरण वेगळं असेल तर निकालही वेगळा लागू शकतो. पण निकाल लावायचा नियम माणूस बघून बदलत असेल, तर त्याला कायद्याचं राज्य म्हणता येत नाही.

हे जमतच नाही, असंही नाही. जुलै १९७४. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला नकार दिला होता. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला, फिती द्याव्याच लागतील. तो निकाल लिहिला सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, ज्यांना निक्सन यांनीच नेमलं होतं. तीन दिवसांनी प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचा २७ विरुद्ध ११ मतांनी पहिला आरोप मंजूर केला. त्या सत्तावीसमध्ये सहा रिपब्लिकन होते. त्यांतले मेरीलँडचे लॉरेन्स होगन यांनी मंजूर झालेल्या तिन्ही आरोपांच्या बाजूने मत दिलं. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, आणि तेही राज्यपालपदाची उमेदवारी मागत असताना. ती उमेदवारी त्यांना मिळाली नाही.

इथे प्रश्न नेत्यांकडून मतदारांकडे येतो, आणि तो टाळून चालणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकन सदस्यांनी ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगाला पाठिंबा दिला. पुढच्या निवडणुकीत त्यांतले चौघे उभेच राहिले नाहीत. चौघे प्राथमिक फेरीत, म्हणजे मुख्य निवडणुकीत कोण उभं राहणार हे ठरवणाऱ्या मतदानात, हरले. दोघे परत आले, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हॅलाडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत प्राथमिक फेरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि मतदार कुठल्याही पक्षाचा असला तरी कुणालाही मत देऊ शकतो. अर्थात तेवढ्याने भागतं असंही नाही. वॉशिंग्टनच्याच जेमी हेरेरा ब्यूटलर त्याच पद्धतीत, अगदी थोडक्या मतांनी, बाहेर फेकल्या गेल्या.