वाक्य अर्धे राहिल्यावर

नागपूरच्या सीताबर्डीवर जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे सर्वांत उंच चळती स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांच्या असतात. त्यांच्या आडून डोकावणारे हे निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक, ज्यावर एक काळा आणि एक पांढरा ढग आहे, फार दिवस पडून राहत नाही, असे विक्रेते सांगतात. जॉन ग्रीन यांची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कर्करोगाशी गाठ पडलेल्या हेझल आणि ऑगस्टस या दोन किशोरवयीन मुलांची ही प्रेमकथा आहे. नागपुरात ती अनेकांनी दहावीच्या पुस्तकांखाली लपवून वाचली, कारण परीक्षेच्या वर्षात असले रडके काही वाचू नये, असा घरोघरी दंडक होता.

या कथेची घडण दीर्घ काळ चालली होती. लेखक होण्यापूर्वी ग्रीन यांनी मुलांच्या रुग्णालयात काही महिने रुग्णांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या सोबतीला बसणारा धर्मसेवक म्हणून उमेदवारी केली होती. तेथे पाहिलेले लिहिण्याचा त्यांचा प्रयत्न अनेक वर्षे फसत राहिला. पुढे त्यांची एस्थर अर्ल या मुलीशी ओळख झाली. थायरॉइडच्या कर्करोगाने ती ऑगस्ट २०१० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी गेली. कादंबरी तिला अर्पण केलेली आहे; मात्र हेझल म्हणजे एस्थर नव्हे, हे ग्रीन यांनी वारंवार स्पष्ट केले आहे. हेझलचे आयुष्य लांबवणारे कादंबरीतील औषधही काल्पनिक आहे. ते अस्तित्वात असावे अशी इच्छा होती म्हणून आपण ते रचले, असे ते पुस्तकाच्या शेवटी नमूद करतात. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे दीड लाख प्रतींवर त्यांनी स्वतः स्वाक्षऱ्या केल्या. वाचकाला इतके जवळचे मानणाऱ्या लेखकाला वाचकांनीही तसेच जवळ केले, यात नवल नाही.

या कादंबरीवर बोलण्यासाठी नागपुरातील धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वाचकांची बैठक भरली आहे. कुणी अकरावीत आहे, कुणी नोकरीला लागले आहे, आणि मागच्या रांगेत दोघीतिघींच्या आयाही बसल्या आहेत. चर्चा सुरू होताच एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे मृत्यूच्या प्रसंगाविषयी येथे कुणी फारसे बोलत नाही. बोलणे वळते ते हेझलच्या वाचनाकडे. तिची आवडती कादंबरी एका वाक्याच्या मध्येच तुटते, आणि त्यानंतर त्या कथेतील आईचे काय झाले, हे विचारण्यासाठी ती ऑक्सिजनची नळी नाकाला लावून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत लेखकाच्या दारात जाते. हा प्रश्न वरवर पुस्तकाविषयीचा असला तरी मुळात तो तिच्या स्वतःच्या आईवडिलांविषयीचा आहे, हे येथील मुलींना कुणी समजावून सांगावे लागले नाही. आजचे किशोर उथळ वाचतात असे म्हणणाऱ्यांनी ही चर्चा एकदा शांतपणे ऐकावी.

आता ही प्रत पाहावी. एका मुलीने नववीत असताना घेतलेल्या या पुस्तकाच्या समासात तिच्या निळ्या शाईच्या खुणा आहेत. त्या बहुतेक ऑगस्टसच्या संवादांपाशी आहेत, आणि न पेटवलेली सिगारेट तो ओठांत का धरतो हे सांगणारा परिच्छेद तर तिने पूर्ण चौकटीत बसवला आहे. शेवटाकडील एका पानावर मात्र पेन्सिलीची एकच उभी रेघ आहे आणि ती त्या मुलीच्या आईची आहे. हेझल अत्यवस्थ असताना, आता आपण कुणाची आई राहणार नाही, असे तिच्या आईच्या तोंडून निघाले होते आणि ते हेझलच्या कानावर पडले होते. या पानावर तीच आई, आपण समाजकार्याचे शिक्षण घेत आहोत, हे मुलीपासून लपवलेले सत्य कबूल करते. आपल्यानंतरही आईला आयुष्य उरणार, या जाणिवेने हेझलला आनंद होतो. मुलीने हे पान खूण न करता उलटले होते. आईने, मुलीच्याच म्हणण्यानुसार, ते पुन्हा पुन्हा वाचले.

जोश बून यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१४ मध्ये आला. मूळ संवाद बऱ्याच प्रमाणात जपल्यामुळे वाचकांनी तो आपला मानला. हिंदी रूपांतराविषयी मात्र या खोलीत सरळ दोन तट पडले. मुकेश छाब्रा यांच्या 'दिल बेचारा'ने कथा जमशेदपूरला आणली, अ‍ॅमस्टरडॅमच्या जागी पॅरिस आले, आणि अपूर्ण कादंबरीच्या जागी एक अपूर्ण गाणे आले. ए. आर. रहमान यांचे संगीत हाताशी असताना हा बदल सोयीचा होता, असे एका गटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या गटाच्या मते हेझल ही आधी वाचक आहे, आणि तिच्या हातातील पुस्तक काढून घेतले की तिचा स्वभावच बदलतो. माझे मत या दुसऱ्या गटाकडे झुकते. गाणे अर्धे राहिले तर हुरहूर लागते, परंतु गोष्ट अर्धी राहिली तर माणूस प्रश्न विचारतो, आणि या कादंबरीचा सारा प्राण त्या प्रश्नातच आहे.

तरीही जुलै २०२० मधील त्या रात्रीविषयी बोलताना दोन्ही गटांचे आवाज सारखेच उतरतात. १४ जूनला 'दिल बेचारा'चा नायक सुशांतसिंह राजपूत गेला आणि २४ जुलैला चित्रपट थेट मोबाइलच्या पडद्यावर आला. टाळेबंदीमुळे चित्रपटगृहे बंद होती. पुस्तक न वाचलेल्यांनीही तो त्या रात्री पाहिला, आणि आपण सुशांतने साकारलेल्या मॅनीसाठी रडलो की सुशांतसाठी, हे त्यांना आजही सांगता येत नाही. एक तरुण तर तो चित्रपट अजून पूर्ण पाहू शकलेला नाही. अशा प्रेक्षकांकडून रूपांतराच्या गुणदोषांचा निवाडा मागणे मला योग्य वाटत नाही.

या बैठकीनंतर वाचनालयाने किशोरांच्या पुस्तकांसाठी एक कपाट वेगळे काढले असून, त्यातील पुस्तके निवडण्याचे काम या मुलींकडेच सोपवले आहे.